घोडीवरची जागा

भाऊ आयर्लंडला गेल्यावर त्यानं पाठवलेला पहिला फोटो मी मळवलीच्या बंगल्यात, गॅसजवळ उभी राहून बघितला. पाहुण्यांच्या पोह्यांसाठी फोडणी टाकली होती. ती करपेपर्यंत मी त्या फोटोतून मान वर काढली नाही. धुक्यात एकामागं एक सहा घोडे चालले होते आणि त्यांच्यावर हेल्मेट घातलेली सहा माणसं होती. तिसरा माझा भाऊ. उरलेल्या पाचांत चार बाया. फोटो मोठा करून करून मी चौघींचे चेहरे पाहिले. एक तर माझ्याच वयाची, चाळिशीला टेकलेली, हेल्मेटखालून पिकलेल्या बटा बाहेर आलेल्या.

भावानं खाली लिहिलं होतं, "ताई, हितं रोज सकाळी असंच." मी उत्तरादाखल जोडलेले हात पाठवले. दुसरं काय पाठवणार? मला आनंद व्हायला हवा होता, झालाही असेल थोडासा. पण त्याच्या आधी मला वाटला तो हेवा. आणि तो भावाचा नव्हता, त्या चार बायांचा होता.

माझं माहेर लोणावळ्याजवळच्या औंढ्याचं. आमच्या भागात बैलगाड्यांची शर्यत घाटात होते. घाट म्हणजे चढाची सरळ धावपट्टी, दोन्ही बाजूंना माणसांची दाटी. चार बैल गाडा घेऊन वर पळत सुटतात आणि त्यांच्या पुढं एक घोडी पळते. घोडी जीव तोडून पळाली की बैलही तिच्यामागं जीव तोडून येतात. बैल आमचे कधीच नव्हते. आबांची, म्हणजे वडलांची, घोडी होती. जत्रांच्या दिवसांत आसपासचे गाडामालक ती मागायला दारात यायचे, आणि तेवढा महिना-दीड महिना आबांची मान एरवीपेक्षा ताठ असायची.

त्या पांढऱ्या घोडीला खरारा मी करायचे, दाणा-चंदी मी द्यायचे. भातकाढणी झाली की मोकळ्या खाचरांत तिच्या उघड्या पाठीवर बसून फेऱ्या मारायचे. ते मला कुणी शिकवलं नाही. चार वेळा पडले, पाचव्यांदा बसले. आबांनी हटकलं नाही, कारण घोडीला फिरवणारं कुणीतरी हवंच होतं. भाऊ माझ्याहून तीन वर्षांनी लहान. घोडी नुसती फुरफुरली तरी तो माझ्यामागं लपायचा. त्याला मी पुढ्यात बसवून शिकवलं. आयाळ कशी धरायची, गुडघे कुठं आवळायचे, पडताना हात कसे आखडून घ्यायचे. सहा महिन्यांत त्याची भीती गेली. वर्षभरात तो बरा बसायला लागला. माझ्याइतका नाही. आज मी हे सांगतेय म्हणून नाही, तेव्हाही बघणाऱ्याला ते दिसत होतं.

मी पंधरा वर्षांची असताना एका जत्रेत आमच्या घोडीवर बसणारा गडी ऐनवेळी तापानं फणफणला. आमची बारी, म्हणजे गाडा सोडायची पाळी, तासाभरावर आली होती. मी वेणी गुंडाळून अंबाडा घातला, ओढणी कमरेला आवळली आणि घोडीजवळ जाऊन उभी राहिले. मला कुणी बस म्हटलं नव्हतं, पण दुसरं कोण बसणार होतं? आबा आले. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग माझ्या मागं उभ्या असलेल्या भावाकडं.

"तू बस रं," ते त्याला म्हणाले.

"आबा, त्यो घाटात कवा बसलाय? मी बसते की."

"चार गावं बघत्यात. पोरीची जात हाय तुजी. गप घोडी धर."

मी घोडी धरली. भाऊ माझ्या ओंजळीत पाय ठेवून वर चढला. बारी चांगली झाली. लोकांनी भंडारा उधळला आणि त्याला खांद्यावर उचलून घेतलं. घामानं निथळणाऱ्या घोडीला मी एकटीनं फिरवून थंड केलं. भावाचं तोंड पिवळंधमक झालं होतं आणि तो माझ्याकडं बघायचं टाळत होता. मला वाटलं, एका बारीत शेफारला.

एकोणिसाव्या वर्षी माझं लग्न होऊन मी मळवलीला आले. नवरा चांगला माणूस आहे. मुंबई-पुण्याच्या लोकांचे चार बंगले आम्ही सांभाळतो. तो बाग, पाणी, डागडुजी बघतो आणि मी स्वयंपाकपाणी. येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलून बोलून मला कामापुरतं इंग्रजी येतं. भाऊ एका स्टड फार्मवर तबेल्याच्या कामाला लागला, तिथून रेसच्या घोड्यांना सकाळी पळवायच्या कामावर गेला, आणि बऱ्याच वर्षांनी तिथूनच आयर्लंडला. तिकडं घोडे उदंड आणि बसणारी माणसं कमी, म्हणून आपल्याकडच्या लोकांना बोलावतात, असं त्यानं सांगितलं. मधल्या काळात शर्यतींवर बंदी आली. आबांनी पांढरी घोडी देऊन टाकली आणि आमच्या गोठ्यात सरपण भरलं.

दर रविवारी त्याचा व्हिडिओ कॉल यायचा. तिकडं घोड्याचं केवढं वेड आहे हे सांगताना त्याला दम लागायचा. शर्यतीच्या दिवशी तिथले पाद्री पण पैजेच्या गोष्टी करतात. शेतकरी आपलीच शेतं उघडी करून देतात आणि बांधांवरून, कुंपणांवरून घोडे उड्या मारत जातात. फार पूर्वी दोन माणसांची पैज लागली, एका देवळाच्या शिखरापासून दुसऱ्या देवळाच्या शिखरापर्यंत, मधे जे येईल ते ओलांडत. त्यातनं म्हणे ती सगळी शर्यत निघाली. एका गावी तर ओहोटी लागली की समुद्राच्या ओल्या वाळूवर शर्यत होते. शाळेतल्या लेकरांची तट्टं वेगळी.

आबा हे सगळं तोंड उघडं टाकून ऐकायचे. मी फक्त बायांबद्दल विचारायचे.

"ती पिकल्या केसांची बाई हाय ना फोटूत, तिला लेकरं हायत का रं?"

"दोन हायत की."

"मग सकाळच्या पारी लेकरं कोण बघतं?"

"नवरा बघतो. त्यो शाळंत मास्तर हाय. डबे तोच भरतो."

"आन् ती?"

"ती आमची हेड हाय, ताई. आडमुठा घोडा आला की मालक तिलाच बसवतो. आमा बाप्यांना म्हणतो, बाजूला व्हा."

त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी बारा माणसांच्या चपात्या लाटल्या आणि एकही गोल आली नाही.

बंदी उठली तशी आबांच्या जिवाला पुन्हा पालवी फुटली. भावाच्या पैशांच्या जोरावर त्यांनी एक तांबडी घोडी आणली. कपाळावर पांढरा टिळा, पायात वारं. पण आबांचे गुडघे गेलेले. मग मी आठवड्यातून चार दिवस पहाटे स्कूटरनं मळवलीहून औंढ्याला जाऊ लागले. गावापलीकडच्या माळावर तिला फिरवायचे, नंतर पळवू लागले. आता कुणी काही बोलत नव्हतं. चाळिशीच्या बाईकडं कोण बघतंय? घाटात मात्र तिच्यावर गावातला एक तरणा गडी बसायचा. मी तिला तयार करायचे आणि तो तिच्यावर बसून फेटा उडवायचा.

त्या घोडीत एक खोड होती आणि ती फक्त मला ठाऊक होती. ती ड्रोनला भ्यायची. एकदा माळावर लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं आलं होतं. त्यांच्या फोटोवाल्यानं ड्रोन सोडला, आणि तो भुणभुण करत खाली येताच घोडीनं डावीकडं अशी उडी मारली की मी तिच्या मानेला लोंबकळले. पडले नाही. मी ते कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर आबांनी तिला काढून टाकली असती, ही एक भीती. आणि दुसरं, घोडीचं एखादं तरी गुपित माझ्या एकटीचं असावं असं मला वाटत होतं. त्या वेळी घाटात ड्रोन येत नव्हते.

गेल्याच्या गेल्या वर्षी चैत्रातल्या जत्रेला भाऊ सुट्टी काढून आला आणि येताना त्या पिकल्या केसांच्या बाईला घेऊन आला. तिला म्हणे बैलांच्या पुढं पळणारी घोडी बघायची होती. उंच, हाडापेरानं मजबूत, नाकावर ठिपकेच ठिपके. माझ्या घरी उतरली. चुलीपुढं पाटावर बसून तिनं भाकरीबरोबर ठेचा खाल्ला, डोळ्यांतून पाणी आलं तरी मागून घेतला. माझा नवरा, जो चारचौघांत तोंड उघडत नाही, तो तिच्याशी खाणाखुणा करून हसत होता. ती वाईट असती तर मला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी औंढ्याला गेलो. माझी घोडी अनोळखी माणसाला जवळ येऊ देत नाही, कान पाडते. ही बाई गोठ्याच्या दारात गेली, घोडीकडं पाठ करून उभी राहिली आणि माझ्या भावाशी गप्पा मारत बसली. थोड्या वेळानं घोडी आपण होऊन पुढं आली आणि तिच्या खांद्यावर नाक ठेवलं. माझ्याशी असं व्हायला तिला चार महिने लागले होते.

आबा ओट्यावरून बघत होते. ते काठी टेकत उठले, घोडीचा दोर सोडला आणि त्या बाईच्या हातात दिला.

"बाई घोड्यातली हाय," ते भावाला म्हणाले. "हाताला कळतंय तिच्या."

माझ्या हाताला कळतं की नाही हे त्यांनी तीस वर्षांत कधी म्हटलं नव्हतं. मी आत जाऊन चहा टाकला.

ती माळावर घोडी पळवून आली तोवर अर्धं गाव गोळा झालं होतं. जत्रा कमिटीच्या कुणाला तरी सुचलं, पावनी घाटात बसली तर? पंचक्रोशीत नाव होईल. पाच-सात माणसं आबांकडं आली. मी चहाचे कप घेऊन उभी होते.

"बसू द्या की," आबा म्हणाले. "हौसंनं एवढ्या लांबनं आलीया."

माझ्या तोंडून निघून गेलं, "आबा, बाई चालती व्हय घाटात?"

त्यांना आठवलं की नाही कोण जाणे. "पावनी हाय ती," एवढंच म्हणाले. भाऊ जमिनीकडं बघत राहिला.

जत्रेच्या दिवशी सकाळी तिनं मला बाजूला घेतलं. आपलं हेल्मेट ती आयर्लंडहून घेऊन आली होती, आणि कमिटीच्या लोकांनी त्यावरच गुलाबी फेटा बांधला होता. त्या अवतारातसुद्धा ती हसण्यावारी नेत नव्हती. हळू, सोप्या इंग्रजीत तिनं मला विचारलं, "रोज तू बसतेस तिच्यावर. मला काय माहीत असायला हवं? ती कशाला घाबरते?"

तिच्या खांद्यापलीकडं, घाटाच्या तोंडाशी, जत्रेच्या व्हिडिओवाल्यानं काळ्या पेटीतून ड्रोन काढून चटईवर ठेवलेला मला दिसत होता.

"कशालाच नाही," मी म्हणाले.

ती मरावी असं माझ्या मनात नव्हतं. एवढंच होतं की घोडीनं जरा उडी मारावी, तिची जरा फजिती व्हावी, लोकांनी म्हणावं की आयर्लंड असो नाहीतर आणखी कुठलं, आमच्या घोडीवर आमचंच माणूस लागतं. घोडीच्या मागं चार बैल असतात हे मला लहानपणापासून माहीत होतं. त्या क्षणी मी ते मनात येऊच दिलं नाही.

लाउडस्पीकरवरचा माणूस ओरडला, "आयर्लंडच्या ताई बघा, आयर्लंडच्या ताई!" हलग्या कडाडल्या, गाडा सुटला, घोडी सुटली. काय बसली होती ती! खोगिरावर टेकलेली नाहीच, जणू घोडीच्या वरून वाऱ्यावर तरंगत चाललेली. माझ्या शेजारची माणसं किंचाळत होती. एवढ्यात परदेशी बाईचं चित्र जवळून मिळावं म्हणून ड्रोन सरळ खाली उतरला. घोडीनं डावीकडं उडी मारली, अगदी तशीच. गुलाबी फेटा हवेत गेला आणि बाई घाटाच्या मधोमध पडली.

मागून बैल येत होते.

मला आवाज आठवत नाही. तिनं हात आखडून घेतले, एक लोळण घेतली, दुसरी घेतली, आणि गाड्याचं चाक तिच्या पायापासून दीड हातावरून गेलं. माणसं धावली. भाऊ सगळ्यांत पुढं होता. मी धावले नाही.  घोडी मोकाट सुटून गाड्या लावलेल्या शेताकडं चालली होती, मी तिच्यामागं गेले. तिच्या वाटेत आडवी होऊन, हाका मारून तिला धरलं. 

परत आले तर लोक म्हणत होते, "ताई व्हती म्हणून घोडी गावली, न्हाईतर आज किती जणांना तुडवलं असतं." कमिटीनं मला नारळ दिला. जन्मात पहिल्यांदा घाटात माझं कौतुक झालं, ते त्या दिवशी.

तिचं हासळीचं, म्हणजे गळ्याखालचं, हाड मोडलं होतं आणि दोन फासळ्यांना मार बसला होता. लोणावळ्याच्या डॉक्टरांनी हात गळ्यात बांधून दिला आणि तीन आठवडे विमानात बसू नका म्हणून सांगितलं. भावानं सुट्टी वाढवली. तो औंढ्याला आबांजवळ राहिला, ती माझ्याकडं. बाईमाणसाचं बाईमाणसानंच करायला हवं, असं सगळ्यांनी ठरवलं.

मग मी तिला अंघोळ घालायचे, तिचे हात बाह्यांत घालायचे, रोज सकाळी ओसरीवर बसवून केस विंचरायचे. ती एकदाही कुरकुरली नाही. पडणं मोजायचं आपण विसाव्या वर्षीच सोडलं, म्हणाली. तिच्या आजीच्या घरात जमिनीखाली घोड्याची कवटी पुरलेली होती म्हणे. वरती लोक नाचायला लागले की पायांचा आवाज घुमावा म्हणून जुने लोक तसं करायचे. "आमच्याकडं घोडा मेला तरी कामाला असतो," ती म्हणाली, आणि हसताना बरगडी दुखली म्हणून कळवळली.

एके सकाळी मी विचारलं, "तुझ्या स्वतःच्या घरी किती घोडे आहेत?"

"एकही नाही," ती म्हणाली. "वडलांचे होते. नऊ. जमीन आणि घोडे, दोन्ही भावाला दिलं. घोडे मी वाढवले होते. माझा भाऊ वर्षभरात सगळे विकून मोकळा झाला. मी दुसऱ्याच्या घोड्यावर बसते, अजूनही."

हे सांगताना तिचा आवाज सरळ होता, पण हातातला रबरबँड ती सारखा ताणत होती. इतकी वर्षं मी जिचा हेवा करत होते ती बाई फोटोत होती. माझ्या पुढ्यात पाठमोरी बसलेली ही दुसरीच होती. माझा कंगवा थांबला. आता बोलले नाही तर कधीच बोलणार नाही असं वाटलं.

"घोडी ड्रोनला घाबरते," मी म्हणाले. "मला माहीत होतं. तू विचारलंस तेव्हा मी खोटं बोलले."

ती वळली नाही. तशीच म्हणाली, "मला शंका आली होती. उत्तर देताना तू माझ्याकडं नाही, घोडीच्या कानांकडं बघत होतीस. पण मला बसायचं होतं." मग तिचा आवाज बदलला. "बैल माझ्या मागं होते. तुला माहीत होतं बैल मागं आहेत."

"हो."

तिनं माझ्या हातातून कंगवा काढून घेतला आणि आत गेली.

दोन दिवस ती माझ्याशी कामापुरतं बोलली. एका हातानं आणि दातांनी रबरबँड ओढून आपले केस आपणच कसेबसे बांधायची. मी समोर असूनसुद्धा पाणी माझ्या नवऱ्याकडं मागायची. मी काही मनधरणी केली नाही, कशाच्या तोंडानं करणार? तिसऱ्या दिवशी मी औंढ्याला गेले आणि आबांना व भावाला, दोघांना ओट्यावर बसवून सगळं सांगितलं.

आबा खवळले. "घरी आलेल्या पावनीच्या जिवावर उठलीस व्हय गं? काय बिघडवलं व्हतं तिनं तुजं?"

"तिनं न्हाई बिघडवलं, आबा," मी म्हणाले. "तुमी तिला एका दिवसात बसवलंत. मला जलमात न्हाई."

आबांनी काठी उचलली आणि उठून गोठ्यात गेले. भाऊ माझ्याजवळ सरकला. बांधावरच्या गवताकडं बघत तो म्हणाला, "ताई, त्या दिशी तू बसायला पायजे व्हतीस. मला कळत व्हतं तवा बी."

"मग बोलला का न्हाईस?"

"मला बी बसायचं व्हतं."

त्याला बारा वर्षांचं असताना ते कळलं होतं आणि एवढी वर्षं तो ते पोटात घेऊन हिंडत होता. मी त्याला शेफारला म्हणून बसले होते. मला त्याचा राग आला आणि जरा बरंही वाटलं. दोन्ही एकदमच.

घरी गेले तर ती पायऱ्यांवर उभी. "उद्या मला घोडी दाखव," ती म्हणाली. "तू बसलेली बघायचंय."

दुसऱ्या दिवशी माळावर, हात गळ्यात बांधलेला, ती दगडावर बसली आणि मी तिच्यासमोर घोडी चालवली, दुडकी पळवली, मग चौखूर सोडली. इतकी घाबरले होते की दहावीच्या परीक्षेलाही तेवढी घाबरले नसेन. जवळ येऊन लगाम खेचला तेव्हा वाटलं, आता म्हणेल की छान.

"बैठक चांगली आहे," ती म्हणाली. "हात वाईट आहेत. दगडासारखे जड. तू तिला सारखी धरून ठेवतेस, आणि म्हणून ती घाबरली की जास्त घाबरते. पुन्हा जा."

मी पुन्हा गेले. सात वेळा गेले. प्रत्येक वेळी काहीतरी चुकलेलं असायचं आणि ती ते तोंडावर सांगायची. लहानपणापासून माझ्या बसण्याबद्दल कुणी चांगलं म्हटलं नव्हतं, वाईटही म्हटलं नव्हतं. नाव ठेवायला तरी आधी बघावं लागतं. स्कूटरवर तिला मागं बसवून घरी येताना मी रस्ताभर रडले.  तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही. जायच्या दिवशी सकाळी ती कंगवा घेऊन माझ्यासमोर येऊन बसली, एवढंच.

ती गेल्यावर वर्षभर फोनवरून तिनं माझे हात सुधरवले. नवरा माळावर उभा राहून मला शूट करायचा, भाऊ तिला दाखवायचा, आणि ती म्हणेल ते तो मला तसंच्या तसं ऐकवायचा. ड्रोनची भीतीही तिनंच घालवायला लावली. लग्नाचे फोटो काढणाऱ्या एका ओळखीच्या माणसाला विनवून मी त्याचा ड्रोन घोडीच्या चंदीच्या घमेल्याजवळ आधी नुसता ठेवला, मग चालू करून ठेवला, मग हातभर उडवला. चार महिने लागले. शेवटी शेवटी ड्रोनची भुणभुण ऐकली की घोडी खायला मिळणार म्हणून मान हलवायची.

पुढच्या चैत्रात कमिटीच्या बैठकीला मी स्वतः गेले आणि म्हणाले की आमच्या घोडीवर मी बसणार. कुणी हसलं, कुणी वयाचं काढलं. एकानं तर विचारलं, "ताई, बाईमाणूस घाटात कसं दिसंल?" कोपऱ्यात सुपारी कातरत बसलेली शेजारची मावशी वर न बघता म्हणाली, "गेल्या साली गोरी बसली तवा कसं दिसलं? आपलीच तेवढी वाईट दिसती व्हय?"  सगळ्यांनी आबांकडं पाहिलं. आबा हो म्हणाले नाहीत. नाहीही म्हणाले नाहीत. जत्रेच्या दिवशी सकाळी मात्र त्यांनी आपल्या हातानं खोगिराचा पट्टा आवळला, दोनदा तपासला, आणि माझ्या तोंडाकडं न बघता बाजूला झाले.

आमची बारी बसली नाही, म्हणजे गाडा वरपर्यंत पोचलाच नाही. मी पाऊण घाट पार केला असेल-नसेल, माझ्या मागं गाड्याच्या पुढच्या जोडीतला डावा बैल बाजूला फुटला आणि गाडा कडेच्या बांधाला गेला. भंडारा नाही, खांद्यावर घेणं नाही. लाउडस्पीकरवाल्यानं पुढच्या गाड्याचं नाव पुकारलंसुद्धा. पण जिथवर गेले तिथवर मी घोडीच्या तोंडात हात जड होऊ दिला नाही, हे मला माहीत होतं, आणि वर थांबले तेव्हा घोडीलाही माहीत असावं.

मी उतरून बाजूला उभी राहिले तोच आमच्या मागची बारी सुटली. त्या गाड्यापुढं एक काळी घोडी होती, आमच्यापेक्षा हातभर उंच, आणि तिच्यावर विशीतला एक पोरगा. काय हलके हात होते त्याचे! बैल तिच्या शेपटीला बांधल्यासारखे आले. मला पुन्हा हेवा वाटला. पण या वेळी मला त्या पोराच्या जागी बसायचं नव्हतं. ती काळी घोडी कुणी तयार केली, तिला काय खाऊ घालतात आणि त्याला लगाम असा धरायला कुणी शिकवलं, हे मला जाणून घ्यायचं होतं. आमची घोडी पाणी पिऊन झाली की जाऊन त्याला विचारायचं, असं मी ठरवलं.